लीलाताई आणि पहिला घास

संध्याकाळी आमच्या दर्पण कॉलनीच्या वळणावर निळी स्कूटी दिसली की पोरं एकच गिल्ला करायची, "भागो भागो, नींदवाली आजी आली!" आणि पळायची कुठे? तर आपापल्या घरात, पाय धुवायला! एरवी आयांनी दहा हाका मारल्या तरी बॅट खाली न ठेवणारी पोरं ही. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर मीसुद्धा म्हटलं असतं, काहीतरीच काय.

त्या स्कूटीवरच्या बाई म्हणजे लीलाताई पोतनीस. राहायला हरिशंकरपुरममध्ये. एका प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता रिटायर. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचं कुत्रं कान टवकारतं. शाळेत असताना पहिल्याच तासाला डुलक्या काढणारी पोरं बाकीच्या मास्तरणी उभी करून ठेवायच्या. लीलाताई काय करायच्या, तर त्या पोरांना खुशाल झोपू द्यायच्या आणि आईबापांना बोलावून घ्यायच्या. "तुमचं पोर आळशी नाही हो, तुमचं घर जागरणी आहे!" असं तोंडावर सांगायच्या. कितीतरी बाप चिडून गेले असतील. पण रिटायर झाल्यावर त्याच आया शोधत शोधत त्यांच्या घरी आल्या, आणि दर शनिवारी त्यांच्या बैठकीत आईबापांची सभाच भरायला लागली. त्यांचे यजमान रमाकांतराव तिला झोपेची पंचायत म्हणतात.

रमाकांतरावांची तर वेगळीच तऱ्हा. ते रजईच्या आत मोबाइल धरून क्रिकेट बघत बसतात. "लीला, तू अख्ख्या ग्वाल्हेरला झोपव, मला झोपवणं नाही जमायचं तुला," असं सभेत सगळ्यांसमोर सांगतात, आणि लीलाताई अशा काही बघतात त्यांच्याकडे! मला जाम हसू येतं.

माझी ओळख सांगते. मी विमल भोईटे. पोस्टातून रिटायर झाले, थोरल्या भावाकडे राहते. थोरला भाऊ म्हणजे मानसिंगराव, आमचा दादा, पोलिसात होता. त्याचा मुलगा हेमेंद्र, सून शिखा आणि त्यांचं एकुलतं एक पोरगं ध्रुव, पहिलीत जाणारं. वहिनी गेल्यापासून घरात मोठी बाई म्हणून मीच. तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत, माझं काय जातं!

तर झालं असं, की ध्रुव शाळेत झोपायला लागला. झोपायला म्हणजे अगदी ठार. प्रार्थनेला उभ्या उभ्या डुलायचा. डबा उघडा ठेवून बाकावर डोकं टेकायचा. थंडी सुरू झाली तशी सकाळी त्याला उठवणं म्हणजे युद्धच. शिखा त्याला झोपेतच कपडे चढवायची, मी दूध पाजायची, दादा दप्तर घेऊन बससाठी धावायचा. आणि एक दिवस त्याच्या वर्गाच्या बाईंनी शिखाला बोलावून सांगितलं, मुलगा मंद वाटतो, डॉक्टरला दाखवा, नाहीतर याच वर्गात परत बसवावं लागेल.

मंद! आमचा ध्रुव! जो पोरगा चार वर्षांचा असताना घोड्याच्या टापा ऐकून सांगायचा की वरात कुठल्या गल्लीत वळली! माझं डोकं असं फिरलं, म्हटलं आत्ताच्या आत्ता जाते शाळेत. शिखा पदर तोंडाला लावून रडत बसली. आणि शेजारच्या गरिमाने लीलाताईंचं नाव सुचवलं.

लीलाताई आल्या त्या वाऱ्यासारख्या. चप्पल काढता काढता विचारायला सुरुवात. पोरगा खातो कधी, खेळतो कधी, टीव्ही किती, मोबाइल कोणाचा, खोलीत दिवा कसला, पलंगावर कोण कोण? दादा एवढा पोलिसातला माणूस, पण त्यालासुद्धा आरोपीसारखं कोपऱ्यात बसवलं त्यांनी! मग म्हणाल्या, "पोराला झोपवायचं नसतं बरं का, आधी घराला झोपवायचं. संध्याकाळी जेवण लवकर. मग हातपाय धुणं, कपडे बदलणं, कोमट दूध, एक गोष्ट, आणि दिवा मंद. रोज हेच, याच क्रमाने. टीव्ही बंद म्हणजे बंद, आजोबांच्या बातम्यासुद्धा. आणि सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच."

"रविवारीही?" दादाने विचारलं.

"रविवारी सूर्य उशिरा उगवतो का, मानसिंगराव?"

दादाने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी असं बोललं होतं. मला तर काय आनंद झाला म्हणता!

आणि खरंच सांगते, जादू झाली. आठवड्याभरात ध्रुव गोष्ट अर्धी व्हायच्या आत झोपायला लागला. मी गोष्ट सांगतेय राक्षसाची, राक्षस अजून गुहेतून बाहेरही आलेला नाही, आणि आमचे शूरवीर घोरतायत! मी आणि शिखा दारात उभ्या राहून एकमेकींच्या हातावर टाळ्या द्यायचो, आवाज न करता. दादासुद्धा बातम्या बंद करून मोज्यातल्या पायांनी चोरासारखा चालायचा घरात. लीलाताईंना फोन केला तर त्या फोनवरच ओरडल्या, "वा रे पठ्ठे!" अहो, मला कान दूर करावा लागला.

पण शाळेत? शाळेत पोरगं डुलतंच होतं. सकाळी उठवायला तेवढंच जड, डोळे तेवढेच लाल. वर्गातल्या बाईंचा पुन्हा निरोप आला. आता काय करायचं?

लीलाताई पुन्हा आल्या. पुन्हा सगळं विचारून झालं. "मधे उठतो का?" नाही. "कोणी उठवतं का?" छे, कोण उठवणार! आम्ही तिघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि अगदी खरं वाटून सांगितलं. मग लीलाताईंनी शिखाकडे बघितलं, डोळे बारीक करून.

"शिखा, खरं बोल. तू चोरून मोबाइल देतेस त्याला."

"नाही हो काकू, कसम से! मी कशाला देईन?"

"सगळ्या आया असंच म्हणतात."

शिखाचे डोळे भरले. बिचारी दिवसभर घरात राबते, त्यात हा आरोप. ती आत निघून गेली. मला राग आला लीलाताईंचा. हुशार असल्या म्हणून काय झालं, माणसाला असं उभं चिरायचं? मी म्हटलंही तसं. त्या म्हणाल्या, "विमलताई, झोप कोणीतरी खातंय त्याची. ती कोण खातंय ते मला सापडत नाही, म्हणून माझा जीव तुटतोय." तेवढं मात्र मनापासून म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दुपारी त्या न सांगता आल्या. हेमेंद्र दुकानात गेला होता, आम्ही बाकीचे अंगणात उन्हात बसलो होतो. शिखा मेथी निवडत होती, दादा पेपर वाचत होता. ध्रुव चटईवर त्याच्या कापडी हत्तीशी खेळत होता. लीलाताई नुसत्या बसून राहिल्या त्याच्याकडे बघत. ध्रुवने हत्तीचे पाय धुतल्यासारखं केलं, त्याला खोटं खोटं दूध पाजलं, माझ्या आवाजात राक्षसाची गोष्ट सांगितली. हत्तीला आडवं केलं, वर रुमाल पांघरला. लीलाताईंचा चेहरा कसा फुलला! सगळा क्रम बरोब्बर, एक पायरी चुकली नाही.

आणि मग ध्रुव उठला. दरवाजा उघडल्यासारखा "खट्" असा आवाज केला तोंडाने. हत्तीवरचा रुमाल ओढला, त्याला खांद्याला धरून हलवलं आणि जाड आवाजात म्हणाला, "ऊठ रे राजा, बाबा आले. घास घे. आऽऽ कर." हत्तीच्या सोंडेत मेथीचं एक पान कोंबलं. मग हत्तीला खांद्यावर घेऊन गोल गोल नाचायला लागला, "चला, आज किती घोडे होते बारातीत, दाखवू का?"

लीलाताई ताडकन उभ्या राहिल्या. "हे काय आहे?"

"काय?" मी म्हटलं.

"हे! हा कोण उठवतोय हत्तीला?"

"अहो, तो घास होय! तो हेमेंद्र रात्री आल्यावर पहिला घास भरवतो त्याला."

"झोपेतून उठवून?"

"उठवत कुठे? नुसता घास!"

लीलाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, चट्कन आवाज आला. आणि तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगबाई! आम्ही रोज पोराला उठवत होतो की!

आता हा घास म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही भोईटे मूळचे दक्षिणेतले, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत. घरातला कर्ता माणूस कामगिरीवरून परत आला की आपल्या ताटातला पहिला घास घरातल्या सगळ्यात लहान मुलाला भरवणार, मगच स्वतः तोंडात घालणार. आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, दादाने हेमेंद्रला असंच भरवलं. फौज गेली, घोडे गेले, पण घास राहिला. हेमेंद्रचं माधवगंजात दुकान आहे, नवरदेवांच्या शेरवान्या भाड्याने देण्याचं. शिवाय साफा बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लग्नसराईत वराती मांडवात पोचवून घरी येईपर्यंत अख्खी कॉलनी झोपलेली असते. आला की हात धुऊन थेट ध्रुवकडे. पोरगं डोळे मिटून तोंड उघडायचं, चावायचं, आणि एकदा बाबा दिसला की खडखडीत जागं व्हायचं. मग त्या अंधुक दिव्यात बापलेकांचा जो दंगा चालायचा! फोनवरचे घोड्यांचे फोटो काय, खांद्यावर बसणं काय. आम्ही कौतुकाने बघायचो. यात झोपमोड होते हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. देवाला नैवेद्य दाखवताना कोणी म्हणतं का, देवाला उठवलं म्हणून?

लीलाताई आधी शिखाकडे गेल्या. तिचे मेथीचे हात हातात घेतले आणि भर अंगणात म्हणाल्या, "मी चुकले, बाळा. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

इथपर्यंत छान झालं. पण मग त्या दादाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मानसिंगराव, आजपासून हा घास बंद."

दादाने पेपरची घडी केली. "घास बंद होणार नाही."

"पोराची झोप तुटते हो!"

"माझ्या हेमेंद्रची नाही तुटली? तो झाला का मंद? बाई, तुम्ही टीव्ही बंद केलात, केला. दिवे बंद केलेत, केले. आमच्या घरातला घास बंद करणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी त्याच्या झोपेची वकील!"

"मग वकिली तुमच्या घरी चालवा. आमच्याकडे यायची तसदी घेऊ नका."

झालं! लीलाताई लालबुंद होऊन स्कूटीला किक मारून गेल्या. ध्रुव हत्ती छातीशी धरून विचारत राहिला, "आत्याआजी, हत्तीने काही गलती केली का?"

रात्री हे सगळं शिखाने हेमेंद्रला सांगितलं. तो भला माणूस. दुसऱ्या दिवशी आला तो हात धुऊन ध्रुवच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, आत बघितलं आणि मागे फिरला. पोराला उठवलं नाही. ताटावर बसला. पोळी मोडली, तुकडा हातात धरला, आणि परत ताटात ठेवला. म्हणाला, "आत्या, भूक नाही. लग्नातच खाल्लं."

खोटं! साफ खोटं! हा लग्नाच्या मांडवात पाण्याशिवाय काही घेत नाही, पहिला घास पोराचा म्हणून. मला माहीत नाही होय? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शिखा ताट झाकून ठेवायची, सकाळी मी ते गाईला घालायची. दादा सगळं बघत होता.

आणि ध्रुव? त्याला तरी झोप लागली असेल म्हणता? कसली! एका सकाळी बूट घालताना मला विचारतो, "आत्याआजी, बाबा कुठे गेले? घरी येतच नाहीत आता."

"अरे, येतात की. आत झोपलेत बघ, रजईत."

"ती तर नुसती रजई आहे," तो म्हणाला.

बघा म्हणजे! सकाळी हा शाळेत जातो तेव्हा बाप रजईखाली, रात्री बाप येतो तेव्हा हा रजईखाली. एका घरात राहून बापलेकाची भेट नाही. मग पोरगं रात्री पडून राहायला लागलं डोळे टक्क उघडे ठेवून, फाटकाच्या आवाजाकडे कान लावून. आवाज आला की उठून बसायचं, आणि कोणी घ्यायला आलं नाही की तसंच बसून राहायचं. शिखाने हे मला सांगितलं. मला राग आला, भयंकर आला. म्हटलं, या बाईने आमच्या घराचं काय करून ठेवलं!

तशीच ऑटो करून हरिशंकरपुरमला गेले. दार रमाकांतरावांनी उघडलं. मी चप्पलही काढली नाही.

"लीलाताई, झोप लावायला आल्या होतात ना? आता ऐका! पोरगं रात्रभर बापाची वाट बघतंय आणि बाप उपाशी झोपतोय. असली झोप नको आम्हाला!"

लीलाताई खुर्चीतून उठल्या, परत बसल्या. रमाकांतराव म्हणाले, "विमलताई, तुम्ही पहिल्या ज्यांनी हिला गप्प केलं." पण त्यांच्याही आवाजात मस्करी नव्हती.

लीलाताईंनी विचारलं, "बाप उपाशी झोपतो? खरंच?"

"खरंच नाही तर काय! घासाशिवाय त्याच्या गळ्याखाली उतरत नाही. तुम्हाला तो रिवाज वाटला. त्याला दिवसभरात पोराची तेवढीच एक भेट होती हो."

त्यांचे डोळे भरून आले. मी उभीच होते, मलाही रडू यायला लागलं. आणि एकदम, काय सांगू तुम्हाला, त्या उडी मारून उठल्या! "विमलताई! हेमेंद्र सकाळी उठतो कधी?"

"उठतो आपला दहाच्या सुमाराला. दुकान उशिरा उघडतं."

"आणि उठल्यावर पहिलं खातो काय?"

"चहा, पोहे, जे असेल ते."

"अहो, मग आपण पोराला बापासाठी का उठवतोय? बापाला उठवू या पोरासाठी! सकाळचा घास! ध्रुव पूर्ण झोपून उठलेला, बाप समोर, ताट समोर. बसा स्कूटीवर!"

"कुठे?"

"माधवगंज!"

या वयात स्कूटीवर मागे बसून लश्कर भागातल्या गर्दीतून जाणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. लीलाताई हॉर्न दाबत, भाजीवाल्यांना दटावत, गाईंना वळसा घालत सुटल्या होत्या. मी डोळे मिटून त्यांच्या शालीला धरून होते. पण मनात म्हणत होते, चला, अजून जोरात चला!

हेमेंद्र दुकानात एका पोरसवदा नवरदेवाला साफा बांधून दाखवत होता. लीलाताईंनी सगळ्यांसमोर हात जोडले. "हेमेंद्र, तुझं दुःख मला दिसलं नाही. माफ कर." तो गडबडून गेला, नवरदेवाच्या डोक्यावरचा साफा अर्धा सुटला. मग लीलाताईंनी त्याला सकाळच्या घासाचं सांगितलं. नवरदेवाची आईसुद्धा कान देऊन ऐकायला लागली.

"काकू, पण ध्रुवची बस तर अंधारातच येते. मी उठणार कसा?" हेमेंद्र म्हणाला.

"आल्यावर फोन घेऊन किती वेळ पडतोस?"

तो हसला. पहिल्यांदा हसला त्या आठवड्यात.

"ते सोड. आला की दोन घास पोटात, आणि सरळ झोप. तुझी झोप सुधारली तरच पोराची सुधारेल, समजलं? आणि रात्री जेवताना मनाला लावून घेऊ नकोस. घास सकाळी आहे, तो कुठे पळत नाही."

हेमेंद्रने साफ्याचं टोक हातात गुंडाळलं. "मी उठेन काकू. पण आबा? आबा नाही मानणार. ते म्हणतील, कमाई करून आलेल्या माणसाचा घास असतो, झोपून उठलेल्याचा नाही."

खरं होतं. त्याचे आबा, म्हणजे आमचा दादा, अगदी हेच म्हणाला, शब्दाला शब्द. संध्याकाळी मी त्याच्यापुढे विषय काढला तर म्हणतो, "रजईतून उठून पोराला भरवायचं? ही काय कामगिरी झाली?"

आणि मला आठवलं! देवाशपथ, एकदम लख्ख आठवलं. "दादा, तुला रात्रपाळी असायची तेव्हा?"

त्याने मान वर केली.

"कोतवालीतून सकाळी यायचास. हेमेंद्र शाळेला निघालेला असायचा, तू त्याला दारात थांबवून भरवायचास. वहिनी ताट हातात घेऊन उभी असायची. तो सकाळचाच घास होता ना?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भाकरी असायची. बाजरीची. गूळ लावून."

"मग?"

"मग काय! शिखाला सांग, बाजरीचं पीठ आहे का बघ."

मी धावत, हो, धावत स्वयंपाकघरात गेले. शिखाने मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर असं धुकं, की फाटक दिसेना. मला रात्रभर धाकधूक, हेमेंद्र उठतो की नाही. तो आलेलाही उशिराच. पण मी स्वयंपाकघरात जाऊन बघते तो काय, स्वारी मफलर गुंडाळून ताटावर बसलेली! डोळे उघडत नव्हते, मान इकडे तिकडे कलंडत होती, पण बसला होता. समोर गरम भाकरी, तूप, गूळ. शिखा तव्यावरून नजर काढत नव्हती, हसू दिसेल म्हणून. दादा दारात उभा. तेवढ्यात फाटकाशी स्कूटीचा आवाज थांबला. आत कोणी येईना. दादाने शाल सारखी केली, बाहेर गेला आणि धुक्यात हाक मारली, "पोतनीसबाई, थंडीत काय उभ्या राहता? आत या, चहा घ्या." लीलाताई आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या.

ध्रुव गणवेश घालून आला. इतक्या रात्री वाट बघून दमलेला, त्या रात्री मात्र गाढ झोपला होता, गाल कसे तुकतुकीत! बापाला बघितलं आणि जागच्या जागी थांबला. "बाबा! तुम्ही?"

"ये रे राजा. घास घे."

तो धावत येऊन मांडीवर बसला. हेमेंद्रने भाकरीचा तुकडा मोडला, गूळ लावला, त्याच्या तोंडात घातला. ध्रुव चावत चावत बापाकडे बघत राहिला. नुसता बघत राहिला. मग त्याने हात वर केला आणि बापाच्या हनुवटीला बोट लावलं.

"बाबा, इथे सफेद आहे."

"काय?"

"तुमची दाढी. सफेद आहे इथे. आणि इथेपण. कधी झाली?"

हेमेंद्रची झोप खाडकन उडाली. तो म्हणाला, "बरेच दिवस झाले, राजा."

"मला कशी नाही दिसली?"

शिखाची भाकरी तव्यावर करपली. लीलाताईंनी भिंतीकडे तोंड केलं. हेमेंद्रने पोराला जवळ ओढलं, चेहरा खाली त्याच्यासमोर आणला आणि म्हणाला, "आता बघ. नीट बघ."

ध्रुवने दोन्ही हातांनी बापाचे गाल धरले आणि एकेक पांढरा केस शोधायला लागला. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, परत वाजला. दप्तर दादाच्या हातात होतं, पण त्या सकाळी कोणीही ध्रुवला चल म्हणालं नाही.